घासाई घरी, फवारणी मिस्त्रीकडे: गाडी रंगवण्याआधीच्या तयारीबद्दल सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागच्या हिवाळ्यात मी माझ्या जुन्या गाडीचं डावं दार, मागचं मडगार्ड आणि बॉनेट अंगणातच घासून तयार केलं आणि फक्त फवारणीसाठी गॅरेजात नेलं. तीन आठवडे गाडी ठिगळं लावल्यासारखी दारात उभी होती. येणारा-जाणारा थांबायचा, कमरेवर हात ठेवून बघायचा आणि काहीतरी विचारायचा. तेच प्रश्न इथे आहेत. काहींची उत्तरं मला तेव्हा येत नव्हती. ती हात पोळल्यावर कळली.

घरी नेमकं कुठपर्यंत करायचं?

धुणं, तेलकटपणा काढणं, सुटे भाग उतरवणं, गंज खरवडणं, लांबी (खड्डे बुजवायचा लगदा) भरणं, घासणं, फार तर उघड्या पत्र्यावर प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा, हात. इथे थांबायचं. फवारायचा जाड प्रायमर म्हणजे सरफेसर, रंग आणि वरचा पारदर्शक चकाकीचा थर म्हणजे क्लिअर, हे मिस्त्रीकडे. कारण पुढे एका प्रश्नात सविस्तर लिहिलं आहे, पण आधीच सांगून ठेवतो, म्हणजे कॉम्प्रेसर विकत घ्यायला कुणी धावणार नाही.

यात खरंच पैसे वाचतात का?

वाचतात, पण कुठे वाचतात ते समजून घ्या. रंगाचा डबा, थिनर, क्लिअर यांचा खर्च तोच राहतो. वाचते ती घासाईची मजुरी. दार रंगवायला मिस्त्रीला गन हातात धरून अर्धा तासही लागत नाही; त्याआधी ते दार तयार करायला दीड-दोन दिवस जातात. तुमचा वेळ मोकळा असेल तरच हा व्यवहार. दुकान बंद ठेवून गाडी घासत बसणार असाल तर हिशेब उलटा पडेल.

सोलापुरात हे काम कोणत्या महिन्यात करावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. यावर माझं मत पक्कं आहे.

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्यावर हात टेकवत नाही. लांबीत हार्डनर (ती कडक करणारं औषध) मिसळून पट्टीने उचलेपर्यंत ती डब्याच्या झाकणावरच दगड होते. प्रायमरमधला थिनर पत्र्यावर पोचण्याआधीच उडतो आणि पृष्ठभाग खरखरीत, कोरडा पडतो. मास्किंग टेपचा (रंग नको तो भाग झाकायच्या पट्टीचा) गोंद भाजून काचेला चिकटून बसतो. पावसाळ्यात उलट त्रास: उघडा पत्रा रात्रीतून तांबूस होतो. जून-जुलै कोरडे गेले म्हणून निर्धास्त राहू नका, आपल्याकडचा खरा पाऊस सप्टेंबरात येतो.

हिवाळ्यातही एक खोड आहे. पहाटे पत्रा गार असतो आणि त्यावर दव धरतं. ते कधी डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून सकाळी नऊ-दहाच्या आत लांबी किंवा प्रायमरला हात घालू नका. घासायचं काम मात्र सातलाच सुरू करा, अंग गरम होतं.

आणि दसऱ्याच्या तोंडावर कुठल्याही पेंटरकडे जाऊ नका. पूजेला गाडी चकचकीत हवी म्हणून सगळं गाव तिथे रांगेत असतं.

अंगणात केलं तर चालेल का? धूळ फार आहे.

घासायला चालेल. घासताना तुम्हीच धूळ करत असता. प्रश्न येतो लांबी आणि प्रायमर ओला असताना. तुम्ही कुठे राहता यावर बरंच अवलंबून आहे. मी पूर्व भागात राहतो, मागच्या गल्लीत यंत्रमागाचा खटखटाट. आमच्याकडे हवेत सुताचं बारीक तूस तरंगत असतं. ते ओल्या प्रायमरवर बसलं की पापणीच्या केसासारखं दिसतं. जुळे सोलापूर किंवा सैफुलकडच्या नव्या वसाहतींत बांधकामाची माती. शहराबाहेर, शेताच्या बाजूला राहणाऱ्यांना गाळप हंगामात साखर कारखान्यांची काजळी. गंमत अशी की घासाईचा चांगला हंगाम आणि गाळपाचा हंगाम एकच.

उपाय साधा आहे. पत्र्याच्या शेडखाली किंवा पोर्चमध्ये काम करा, तीन बाजूंनी शेतातल्या कामाचा प्लॅस्टिकचा कागद सोडा, आणि प्रायमर लावण्याआधी जमिनीवर पाणी मारा. ओली फरशी धूळ धरून ठेवते. वर पंखा लावू नका.

बोअरचं पाणी वापरलं तर काय होतं?

हा प्रश्न खरं तर कुणी विचारत नाही. विचारायला हवा म्हणून मीच घातला.

आपल्याकडच्या बहुतेक बोअरचं पाणी जड. बादलीच्या काठावर पांढरा थर बसतो तो क्षारांचा. हे पाणी पत्र्यावर किंवा प्रायमरवर वाळलं की क्षार तिथेच राहतात. त्यावर रंग चढला की दिसायला सगळं छान. पुढे पावसाळ्यात रंगाच्या थरातून ओलावा हळूहळू आत शिरतो, क्षार तो ओढून घेतात आणि रंगाखाली बारीक फोड येतात, घामोळं आल्यासारखे. तोवर सहा-आठ महिने गेलेले असतात, म्हणून लोक रंगाला किंवा मिस्त्रीला शिव्या देतात.

म्हणून घासायला बोअरचं पाणी चालेल, पण शेवटचं धुणं नळाच्या पाण्याने, आणि धुतल्यावर ते आपोआप वाळू न देता लगेच पुसून घ्यायचं. आता नळाला पाणी रोज कुठे येतं! मी सरळ पाण्याच्या पाळीनुसार बेत आखला: पाणी येणार त्या दिवशी ओली घासाई आणि धुणं, मधल्या दिवसांत कोरडी कामं. बायकोने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, पिण्याच्या हंड्याला हात लावायचा नाही. दोन बादल्या मिळाल्या, त्यात भागलं.

आधी धुवायची की आधी घासायची?

आधी धुवायची, मग तेलकटपणा काढायचा, मगच कागद हातात घ्यायचा. हा क्रम चुकला तर पुढचं सगळं वाया. गाडीवर वर्षानुवर्षांचं पॉलिश, मेण, डॅशबोर्डला चमक आणणाऱ्या फवाऱ्यातलं सिलिकॉन बसलेलं असतं. न काढता घासलं की कागद तेच ओरखड्यांत दाबून बसवतो. मग रंग मारताना तिथे गोल गोल खड्डे पडतात, माशाच्या डोळ्यासारखे. रंग तिथे टिकतच नाही, बाजूला सरकतो.

साबणाने धुवून वाळवल्यावर ग्रीस काढायचं द्रावण लावा; रंगाच्या दुकानात वॅक्स-ग्रीस रिमूव्हर म्हणून मिळतं. दोन फडकी हवीत. एकाने ओलं करायचं आणि ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्याने पुसून घ्यायचं. एकाच फडक्याने केलं तर तेल फक्त इकडचं तिकडे जातं. रॉकेल वापरू नका, ते स्वतःच तेलकट थर सोडतं.

तपासणी अशी: पत्र्यावर स्वच्छ पाणी ओता. पाणी सलग पसरलं तर ठीक. कमळाच्या पानासारखे थेंब धरले तर अजून तेल आहे.

आणि काम करताना शेंगा चटणी-भाकरी खाल्लेला हात धुतल्याशिवाय पत्र्याला लावायचा नाही. हसू नका. माझ्या बॉनेटवर चार बोटांचा ठसा प्रायमरमधून उमटला होता.

सोलापुरी टॉवेलने पुसलं तर?

चादर आणि टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे, अभिमान आहेच. पण टेरी टॉवेलचे फासे तूस सोडतात. अंग पुसायला उत्तम, पत्रा पुसायला नाही. जुनी, पुष्कळदा धुतलेली सुती साडी किंवा धोतर घ्या. कपड्याला लावतो ते सुगंधी कंडिशनर त्या धुण्यात नसावं. शेवटचा हात चिकट फडक्याचा. ते रंगाच्या दुकानात मिळतं, दाबायचं नाही, नुसतं वरून फिरवायचं.

गाडीवर आधीचा रंग कोणता आहे हे कसं ओळखायचं?

दारामागच्या कोपऱ्यात किंवा डिकीच्या आतल्या कडेला, जिथे दिसणार नाही तिथे, कापसाचा बोळा एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये भिजवून अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग घासा. कापसाला काही लागलं नाही, तर वरचा थर कंपनीचा भाजलेला किंवा हार्डनर घालून मारलेला आहे. त्यावर काम सुरक्षित. कापूस रंगीत झाला, रंग मऊ पडला किंवा सुरकुतला, तर मध्ये कधीतरी कुणीतरी स्वस्तातला रंग मारलेला आहे. त्यावर नवा रंग चढवला की नव्यातलं थिनर जुन्याला उचलतं आणि दुधावरच्या सायीसारखा सुरकुतलेला थर तयार होतो. असा रंग पूर्ण काढलेला बरा.

जुनी गाडी घेताना आणखी एक युक्ती. फ्रिजवरचं लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे पकड ढिली पडते तिथे खाली लांबी जाड आहे. माझ्या मडगार्डवर चुंबक सरळ खाली पडलं. आधीच्या मालकाने गाडी "एकदम ओरिजनल" म्हणून दिली होती.

सगळा रंग पत्र्यापर्यंत खरवडायचा का?

नाही. कंपनीचा रंग घट्ट असेल तर त्याच्याइतका चांगला पाया तुम्हाला घरी करता येणार नाही. कारखान्यात अख्खी बॉडी प्रायमरच्या हौदात बुडवून विजेच्या भाराने तो थर बसवतात, अगदी सांध्याकोपऱ्यांतसुद्धा. सगळे थर मिळून जाडी एका मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाएवढी, म्हणजे १००-१४० मायक्रॉन, पण टिकायला भक्कम. ते काढून तुम्ही काय मिळवणार? गंज, पोपडे, तडे आणि वर सांगितलेला मऊ रंग तेवढा काढा. बाकी ठिकाणी वरची चमक मारली की पुरे.

गंज वरून घासला की संपला का?

दिसतो त्याच्या दुप्पट आत असतो असं धरून चाला. रंगावर फोड दिसला तर तो फोडा, आणि चकचकीत पांढरा पत्रा दिसेपर्यंत भोवताली घासत जा. तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा कागद. तरीही पत्र्यात काळे ठिपके उरतात, सुईने टोचल्यासारखे. ते गंजाचे खड्डे आहेत. त्यांना फॉस्फोरिक आम्लावर चालणारं गंजाचं औषध लावा, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ ठेवा, धुवा, लगेच कोरडं करा. हातमोजे घाला.

स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. टोक आत गेलं तर तो पत्रा गेला. तिथे लांबी, फायबर, एम-सील काहीही भरून उपयोग नाही. वेल्डिंगवाल्याकडून तुकडा बदलून घ्या. लांबी पाणी पिते आणि मागची बाजू उघडीच असते. वर्षभरात फोड परत त्याच जागी.

गंज आला कुठून हेही शोधा, नाहीतर रंग कितीही चांगला असो, पुन्हा तेच. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला छोटी भोकं असतात. माझ्या दाराची ती मातीने बुजली होती आणि दारात पाणी साचून राहत होतं. केसांच्या पिनेने साफ केली तेव्हा वाटीभर चिखल निघाला.

पोचा ठोकून काढायचा की लांबीनेच भरायचा?

आधी ठोकून, जमेल तेवढा वर आणायचा. लांबीचं काम उरलेला दोन-तीन मिलिमीटरचा फरक मिटवणं. यापेक्षा जाड भरली की गाडी खड्ड्यात आदळल्यावर तडकते, आणि आपल्याकडचे रस्ते तुम्हाला माहीत आहेत. ठोकताना मागून लोखंडी ठोकळा धरून पुढून हलका हातोडा, पोच्याच्या कडेकडून मध्याकडे. एकदम मध्यावर दणका मारला की पत्रा ताणला जातो आणि डब्याच्या झाकणासारखा टकटक आतबाहेर व्हायला लागतो. ताणलेला पत्रा घरी सरळ होत नाही. मोठा पोचा असेल तर तेवढं काम डेंटरकडूनच करून घ्या, तिथे कंजुषी नको.

लांबी आणि पुट्टी यात फरक काय? हार्डनर किती घालायचा?

दुकानात दोन वेगळ्या वस्तू मिळतात आणि दोघींना कुणी पुट्टी म्हणतं, कुणी लांबी. एक पॉलिएस्टरची, सोबत हार्डनरची ट्यूब येते. ती खड्डा भरायची. दुसरी एन.सी. पुट्टी, हार्डनर नसलेली, ट्यूबमध्ये किंवा डब्यात. ती फक्त सुईएवढी भोकं आणि बारीक चरे बुजवायला. एन.सी. पुट्टी जाड लावली तर वरून वाळते, आतून महिनाभर आक्रसत राहते आणि रंग झाल्यावर खड्डा परत दिसतो. ही गल्लत करणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे. भिंतीची पांढरी पुट्टी तर कृपा करून आणूच नका.

हार्डनर वजनाने दोन टक्के. १०० ग्रॅम लांबीला २ ग्रॅम. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा पहिल्या दोन-तीन वेळा वापरा, मग डोळ्याला अंदाज येतो. गरम दिवसात एकापर्यंत खाली, गारठ्यात तीनपर्यंत वर, त्या पलीकडे दोन्हीकडे नाही. "लवकर वाळू दे" म्हणून जास्त घातला तर उरलेला हार्डनर पुढे रंगातून वर येतो आणि पिवळसर डाग पडतो, पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवर फारच स्पष्ट. कमी घातला तर लांबी चिकट राहते आणि कागद भरतो.

थोडी थोडीच कालवा, लिंबाएवढी. काचेच्या तुकड्यावर, पुठ्ठ्यावर नाही. पुठ्ठा लांबीतलं द्रव शोषून घेतो. फेटायचं नाही, दाबून पसरवत मिसळायचं, नाहीतर हवेचे बुडबुडे राहतात आणि तीच नंतर भोकं होतात. रंग एकसारखा झाला, पट्टे दिसेनासे झाले की लगेच लावा. पहिला हात अगदी पातळ आणि जोर देऊन, पत्र्याच्या ओरखड्यांत बसेल असा. त्यावर दुसरा. कडक व्हायला लागलेली लांबी परत पसरवायला जाऊ नका, ती भाकरीच्या वाळलेल्या पिठासारखी तुटते.

लांबीखाली पत्रा ८० नंबरने खरखरीत केलेला हवा. चकचकीत रंगावर भरलेली लांबी म्हणजे शेवाळावर घातलेली फरशी. आम्लाचा प्रायमर मारलेल्या जागेवरही पॉलिएस्टर लांबी भरू नये, तिथे ती नीट कडक होत नाही आणि सुटून येते.

लांबी पाण्याने घासू का? धूळ कमी होईल.

नको. लांबी स्पंज आहे. ती कोरडीच घासायची, एन-९५ मास्क लावून. पाण्याची घासाई प्रायमरनंतर.

कागदाचे नंबर कोणते आणि कोणत्या क्रमाने?

नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. माझा क्रम:

- गंज आणि रंग काढायला, लांबीला आकार द्यायला: ८०
- लांबी सपाट करायला, कडा विरवायला: १२०, मग १८०
- लांबीचा शेवटचा हात, जुन्या रंगाचा भोवतालचा भाग: २४० आणि ३२०
- सरफेसरनंतर: कोरडं ४००, ओलं ६००
- चंदेरी किंवा मेटॅलिक रंग असेल तर शेवटी ८००

एक नंबर गाळून पुढे उडी मारायचा मोह होतोच. ८० नंतर सरळ ३२० घेतला तर ३२० फक्त ८०च्या ओरखड्यांचे माथे पॉलिश करतो. दऱ्या तशाच राहतात. प्रायमर त्या भरतो, सगळं गुळगुळीत दिसतं, महिन्या-दोन महिन्यांत प्रायमर आक्रसतो आणि उन्हात रंगाखाली ओरखडे उमटतात. नंबर बदलताना घासायची दिशा तिरकी बदला. आधीचे ओरखडे कुठे उरलेत ते लगेच कळतं.

कागद नुसत्या बोटांत धरायचा नाही. बोटांनी दाबलं की बोटांच्या रेषेत नाल्या पडतात. सपाट जागी लाकडी ठोकळा, गोलाईवर जाड रबराचा तुकडा. मी जुन्या स्लिपरचा तळवा कापून वापरला, दुकानातल्या ब्लॉकपेक्षा मला तोच हाताशी बसला.

पत्रा सपाट झाला हे कळतं कसं?

इथेच नवख्या माणसाचं आणि मिस्त्रीचं अंतर आहे. लांबी आणि प्रायमर मॅट असतात. उजेड परतवत नाहीत म्हणून उंचसखल डोळ्यांना दिसत नाही. चकाकी आली की मात्र सगळं उघडं पडतं. मी दार पूर्ण झालं असं समजून विजापूर रोडच्या एका जुन्या पेंटर चाचांना दाखवलं. त्यांनी बघितलंच नाही. तळहात पूर्ण टेकवून, बोटं मिटून, दारावरून सावकाश लांब फिरवला आणि तीन ठिकाणी पेन्सिलने गोल केले. म्हणाले, "आंखां से नको देखो बाबा, हातां से देखो."

बोटांच्या टोकांना कळत नाही, तळव्याला कळतं. पातळ सुती फडकं हाताखाली घेतलं तर आणखी कळतं, कारण हात अडखळत नाही. डोळे मिटून फिरवा, लाज वाटली तर रात्री फिरवा.

दुसरा उपाय म्हणजे सरफेसरवर काळ्या स्प्रेचा अगदी विरळ शिडकावा, लांबून, ठिपके पडतील इतकाच. वाळल्यावर ठोकळ्याने घासा. काळं जिथे उरलं तिथे खड्डा. प्रायमर कापून खालचा पत्रा दिसायला लागला तिथे उंचवटा. पत्रा दिसला की घासणं थांबवा, आणखी घासून उंचवटा जात नाही, खड्डा मात्र मोठा होतो.

कडा आणि बॉडीवरच्या रेषा घासताना रंग लगेच निघतो, काय करू?

कडेवर रंग मुळातच पातळ असतो. आधी त्या रेषेवर मास्किंग टेप लावा, दोन्ही बाजू घासून घ्या, टेप काढा आणि रेषेवर शेवटचे दोन-तीन हात हलके मारा. ठोकळ्याशिवाय.

कोणता प्रायमर घ्यावा? घरात गेटसाठी आणलेला रेड ऑक्साइड आहे.

तो गेटलाच लावा. खिडकीच्या गजांना मारतात तो रेड ऑक्साइड हवेत सावकाश वाळतो आणि कायम थोडा मऊ राहतो. गाडीचा रंग त्यावर चढला की उचलला जातो. उघड्या पत्र्यावर एपॉक्सी प्रायमर सर्वांत भरवशाचा. लहान जागा ब्रशने किंवा छोट्या रोलरने लावता येतात, फवाऱ्याची गरज नाही, नंतर घासायचंच असतं. पत्रा उघडा केला त्याच दिवशी प्रायमर लावायचा, रात्रभर तसा ठेवायचा नाही.

वरचा जाड थर, म्हणजे सरफेसर, मी मिस्त्रीकडूनच मारून घेतला आणि घासायला गाडी परत घरी आणली. सरफेसरसुद्धा ओलावा पितो. नुसत्या सरफेसरवर गाडी पावसात उभी राहिली तर नीट वाळवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बंपरलाही असंच करायचं का?

बंपर प्लॅस्टिकचा, त्याची जात वेगळी. आतल्या बाजूला प्लॅस्टिकच्या प्रकाराची अक्षरं कोरलेली असतात. बऱ्याचदा पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलिन. त्यावर साधा प्रायमर धरत नाही, आधी प्लॅस्टिक प्रायमर लागतो. साधी लांबीही नको, बंपर लवतो आणि ती तडकते. लवचीक पुट्टी वेगळी मिळते. घासायला कागदापेक्षा करडा स्कॉच-ब्राइट बरा.

मास्किंगला वर्तमानपत्र चालतं का?

घासताना, प्रायमरच्या ब्रशकामाला चालतं. रंगाच्या वेळी नाही: थिनरने शाई सुटते आणि कागद आरपार भिजतो. खाकी कागद घ्या. शक्य तितकं झाकण्यापेक्षा उतरवा. हँडल, आरसा, बीडिंग (कडेच्या पट्ट्या), दिवे, सगळं. टेप लावून वाचवलेल्या बीडिंगच्या कडेलाच पुढे पोपडे सुटतात. मागची अक्षरं आणि चिन्ह केसांच्या ड्रायरने कोमट करून मासेमारीच्या दोऱ्याने मागून कापली की अखंड निघतात. स्क्रू डब्यांत ठेवून डब्यावर नाव लिहा. माझे दोन उरले. कुठले, ते अजून कळलेलं नाही.

आजकाल कॉम्प्रेसर भाड्याने मिळतो. मग रंगही घरीच का नाही?

कारण आजचा क्लिअर आणि पीयू (पॉलियुरेथेन) रंग हार्डनरवर चालतो आणि त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा बारीक फवारा श्वासातून गेला की काही जणांना कायमचा दमा जडतो, आणि एकदा शरीराने ते धरलं की पुढे किंचित मात्राही त्रास देते. वासावरून कळेल म्हणाल तर तेही नाही. वास यायच्या आधीच प्रमाण धोक्याचं झालेलं असतं. एन-९५ धुळीसाठी आहे, वाफेला तो अडवत नाही. याला बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो आणि हवा खेचणारं बूथ लागतं. आपल्या पेठांतली घरं भिंतीला भिंत लावून. तुमचा फवारा शेजारच्या पाळण्यापर्यंत जाणार.

शिवाय थिनर पेटतं. त्याची वाफ जड असते, जमिनीलगत सरकत स्वयंपाकघरापर्यंत जाते. घासाईच्या काळातही थिनरची बाटली आणि भिजलेली फडकी चुलीपासून, देवघरातल्या समईपासून लांब ठेवा.

दुसऱ्याने घासलेली गाडी मिस्त्री रंगवायला घेतात का?

सगळे नाही. मला दोघांनी सरळ नाही म्हटलं. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही: खालचं काम तुमचं, वरून फोड आला की नाव त्यांचं. म्हणून कागदाला हात लावण्याआधी मिस्त्री ठरवा. त्याला विचारा की तू कुठला प्रायमर वापरतोस, तोच मी लावतो. लांबी भरल्यावर एकदा गाडी दाखवा, सरफेसर झाल्यावर परत एकदा. फोटो काढून ठेवा. "घासाईची जबाबदारी माझी" असं आधीच बोलून टाकलं की समोरचा मोकळा होतो.

रंगाचा कोड तुम्हीच लिहून न्या. बऱ्याच गाड्यांत तो इंजिनाच्या कप्प्यातल्या पट्टीवर किंवा दाराच्या खांबावर असतो. तरीही उन्हाने फिकट झालेल्या गाडीशी कोडचा रंग तंतोतंत जुळत नाही, म्हणून पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून सोबत न्यायचं.

करायचंच आहे तर रंगच बदलून टाकू का?

आरसी बुकात गाडीच्या रंगाची नोंद असते. एमएच १३ असो की कुठलीही, रंग बदलायचा तर आधी आरटीओत जाऊन विचारा आणि नोंद बदलून घ्या, विमा कंपनीलाही कळवा. कामही दुप्पट होतं: दाराच्या आतल्या कडा, डिकीची चौकट, बॉनेटखालचा भाग सगळं घासावं लागतं. तोच रंग ठेवा.

किती दिवस लागतात?

नोकरी सांभाळून एका दाराला दोन रविवार. मला तीन भागांना तीन आठवडे लागले, त्यातले चार दिवस गड्ड्याच्या यात्रेत (सिद्धेश्वराच्या जत्रेत) गेले.

घासून तयार ठेवलेल्या सरफेसरवर पोरांनी बोटाने नाव लिहिलं. आता?

माझ्याच बॉनेटवर लिहिलं होतं, मिस्त्रीकडे न्यायच्या आदल्या संध्याकाळी, "आदू" असं दोन अक्षरं. नुसतं पुसून भागत नाही, बोटाचं तेल खाली राहतं. ग्रीस काढायचं द्रावण दोन फडक्यांनी, मग ६०० चा ओला कागद तेवढ्या जागेवर, नळाच्या पाण्याने धुणं, पुसणं. अर्धा तास. दुसऱ्या दिवशी रंग मारून गाडी घरी आली तेव्हा आदू अर्धा तास बॉनेटला नाक लावून आपलं नाव शोधत होता.